मंडप कोणासाठी?



संतसज्जनहो, श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. शेख महंमद महाराजांची समाधी याच गावी. 'योगसंग्राम' ग्रंथाचे कर्ते म्हणून अभ्यासू मंडळी त्यांना ओळखतात. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरुस्थानी मानले, अशी परंपराही आहे. पण आमच्या आयाबायांच्या तोंडी त्यांचे नाव येते ते एका आख्यायिकेमुळे. देहूस तुकोबारायांचे कीर्तन रंगले होते. मंडपाच्या कापडास आग लागली. त्याच घटकेला इकडे श्रीगोंद्यात बसलेले शेख महंमद महाराज उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती आग इथूनच विझवली, असे संतचरित्र सांगते.

आता विचार करा. जळत होते ते काय? चार वार कापड आणि दोन-चार बांबू. ते जळाले असते तर देहूकरांनी दुसरे ताणले असते. मग इतक्या लांबून धडपड कशासाठी? आमच्या अल्पमतीला उमगते ते असे. त्या कापडाखाली वक्त्याच्या मुखातला शब्द श्रोत्याच्या कानी पडत होता, टाळकऱ्यांची पावले पडत होती. मंडप पेटता तर माणसे उठून पळती आणि श्रवण मोडते. महाराजांनी वाचवले ते श्रवण. मंडपाची किंमत तेवढीच, की त्याच्या आसऱ्याने ऐकू यावे आणि नाचता यावे.

ही कथा आम्ही प्रवचनातून शंभर वेळा सांगितली असेल. पण तिचा अर्थ आमच्याच डोक्यात शिरायला एक फजिती व्हावी लागली. ती आज सांगतो.

श्रीगोंदे तालुक्यातलेच एक गाव. नाव सांगत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. तिथल्या मारुतीपुढे जुना सभामंडप होता. सागवानी खांब, वर तुळया आणि मातीचे माळवद, तीन बाजू मोकळ्या, खाली शेणाने सारवलेली जमीन. पाऊस लागला की माळवद गळे. पण शब्द कधी गळाला नाही. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, लिंबाच्या बागा झाल्या, चार पैसे गाठीला लागले. गावाने ठरवले, देवाला चांगला मंडप बांधू. यात वाईट काहीच नाही. भूमिपूजनाला नारळ फोडायला आम्हालाच बोलावले. चाळीस फूट रुंद, साठ फूट लांब, अठरा फूट उंच, मध्ये एकही खांब नाही, असा नकाशा आम्हाला दाखवला. आम्ही म्हणालो, "वा! अठरा फूट उंच!" उंची विचारली, खर्च विचारला, कळसाला किती हात लागणार तेही विचारले. इथे ऐकू कसे येईल, हे मात्र विचारले नाही.

मंडप उभा राहिला. वर सिमेंटचा स्लॅब, भिंतींना अर्ध्यापर्यंत चकचकीत टाइल्स, खाली आरशासारखी फरशी, मागच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. लोकार्पणाच्या कीर्तनाला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे छान ऐकू आले. मंडळ खूश, आम्हीही खूश.

पुढच्या सप्ताहात दुपारचे ज्ञानेश्वरी प्रवचन आमच्याकडे होते. दुपारी कोण येणार? तीस-पस्तीस म्हातारी माणसे. आम्ही दीड तास बोललो. आपलाच आवाज गोलगोल फिरून कानावर येई, तेव्हा आम्हाला वाटे, काय आज गळा लागला आहे! उठताना शेवटच्या ओळीतल्या एका आजींना विचारले, "आजी, ऐकू आलं ना?" त्या आमच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "आवाज लई येतो म्हाराज, पण शबूद काही येत नाही."

मंडळी, चाळीस वर्षांच्या प्रवचनांत आम्हाला एवढे सोपे आणि एवढे कठोर परीक्षण कोणी केले नव्हते. आम्ही विचारले, "मग तीन दिवस का येता?" म्हणाल्या, "माउलीची पोथी चालली हाय, बसायचं. कळंल कवा तरी." आम्हाला भरून आले, आणि लाजही वाटली. त्यांनी आपले काम केले होते. कमी पडलो ते आम्ही आणि आम्ही नारळ फोडलेला तो मंडप.

त्याच रात्री कीर्तनात दुसरा प्रकार घडला. पावली चालू असताना साठीचे एक टाळकरी बाबा त्या गुळगुळीत फरशीवर घसरले. गुडघ्याला लागले. दुसऱ्या दिवसापासून टाळकरी जागच्या जागी उभे राहून टाळ वाजवू लागले. कोणी तसे ठरवले नव्हते. पण पावली थांबली.

भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत पहिले श्रवण. आधी ऐकायचे, मग गायचे, मग स्मरायचे. पहिल्या पायरीलाच खळगा पडला तर वरच्या आठ पायऱ्यांचे काय? ज्ञानेश्वर माउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागितले? धन नाही, मान नाही, अवधान मागितले. आणि ज्ञानेश्वरी सांगितली ती कुठे? आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशास, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० साली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असे आपण मानतो, तो पैस खांब आजही तिथे आहे. मूळ देऊळ काळाच्या ओघात गेले, खांब राहिला, आणि भक्तांनी पुढे त्या एका खांबाभोवती मंदिर बांधले. बोलणाऱ्याने पाठ टेकली आणि ऐकणाऱ्यांनी कान दिला, एवढ्यावर तो दगड तीर्थ झाला. त्या देवळाची उंची किती होती, हे कोणी विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, महाराज, हे गवंड्याचे काम, तुम्ही कशाला यात पडता? अहो, आमचा धंदाच शब्दाचा. शेतकऱ्याने बी पेरावे आणि जमीन पाहू नये, असे चालेल का? म्हणून आम्ही जाणत्यांकडे जाऊन विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर, म्हणजे अकराशे फूट जातो. समोरच्या भिंतीवर आदळला की परत फिरतो. टाइल, सिमेंट, काच, गुळगुळीत दगड त्याला जवळजवळ सगळाच परत पाठवतात. माती, शेण, घोंगडी, गवत काही भाग पोटात घेतात. उघडी खिडकी तर सगळाच बाहेर जाऊ देते. परत आलेला आवाज पुन्हा दुसऱ्या भिंतीवर, पुन्हा छतावर, असा फिरत फिरत विरतो. त्याला आपण घुमणे म्हणतो. माणूस एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज बोलतो. मंडप चार सेकंद घुमत राहिला, तर आम्ही विसावे अक्षर उच्चारताना पहिले अक्षर अजून हवेत फिरत असते. वीस अक्षरांचा तो काला आजींच्या कानात गेल्यावर त्यांनी त्यातून काय निवडावे?

हे गणित मांडले अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सेबिन या तरुण अध्यापकाने. १८९५ साली विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात कोणाचेच बोलणे कळेना. रिकाम्या खोलीत शब्द साडेपाच सेकंद घुमे. सेबिनने रात्री-रात्री जागून शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या, एकेक वाढवत घड्याळाने घुमण्याचा काळ मोजला, आणि नियम काढला. जागा जितकी मोठी तितके घुमणे जास्त. शोषणारे जितके जास्त तितके घुमणे कमी. माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली. एक बसलेला माणूस साडेचार-पाच चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज पोटात घेतो, असे त्याच्या मोजणीत आले. याच नियमाच्या आधारे १९०० साली बोस्टनचे संगीतगृह उभे राहिले. ते आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

आम्ही त्या गावच्या मंडपाचा हिशेब करून पाहिला. रीत सोपी आहे. घनफुटांना २० ने भागायचे, आणि आलेल्या आकड्याला शोषणाच्या चौरस फुटांनी भागायचे. मंडप ४३,२०० घनफूट; वीसने भागता २,१६०. टाइल्स, स्लॅब, फरशी मिळून शोषण जेमतेम १६८, आणि उघड्या दारा-खिडक्यांचे २०० धरले. रिकामा मंडप जवळजवळ सहा सेकंद घुमतो. तीस माणसे बसली तर चार सेकंदांहून थोडा जास्त. चारशे माणसे बसली तर एकच सेकंद. बोलणे कळायला तेवढे बरे. आले लक्षात? लोकार्पणाच्या रात्री आम्हाला जे ऐकू आले, ते त्या भिंतींमुळे नव्हे. गर्दीनेच तो घुमणारा आवाज पोटात घेतला होता. श्रोता नुसता ऐकत नाही. शेजाऱ्यालाही ऐकू येईल अशी सोय तो आपल्या देहाने करतो. सत्संग, सत्संग म्हणतात त्याचा हा एक अर्थ आम्हाला त्या आकडेमोडीत सापडला.

पण दुपारच्या तीस म्हाताऱ्यांनी काय करावे? पहाटे काकड्याला येणाऱ्या वीस जणांनी काय करावे? मंडप गर्दीच्या एका रात्रीसाठी बांधायचा, की रोज येणाऱ्यासाठी?

हे साहेबांचे शास्त्र झाले, असे कोणी म्हणू नये. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. मधल्या आकाराचे गृह चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावे, त्याहून मोठे करू नये. मोठ्यात पाठ अस्पष्ट होतो आणि नटाच्या मुद्रेवरचे भाव दिसत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय. म्हणजे बांधणाऱ्याने आधी कान आणि डोळा मोजला, मग भिंत मोजली. आणि उलट उदाहरण पाहायचे असेल तर विजापूरचा गोलघुमट पाहा. मुहम्मद आदिलशहाची कबर ती. घुमटाखालच्या सज्जात एका टोकाला कुजबुजले तर पलीकडे ऐकू जाते, एक टाळी अनेकदा परत येते. पाहणारा थक्क होतो. पण तिथे उभे राहून तासभर कीर्तन करून पाहा! कबरीला भव्यता शोभते. तिथे कोणी कोणाला काही समजावून सांगायचे नसते. आपण मात्र जिवंत माणसांच्या मंडपाला घुमटाचा गुण आणतो आणि वर त्याची वाखाणणी करतो.

मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "महाराज, मोठा कर्णा लावू." आम्ही म्हणालो, बाबांनो, विहिरीचे पाणी गढूळ झाले तर मोठा पोहरा सोडून काय उपयोग? जास्त गढूळ पाणी वर येईल. आवाज दुप्पट केला की घुमणेही त्याच्याबरोबर वाढते. त्यापेक्षा लहान कर्णे श्रोत्यांच्या जवळ, हळू आवाजात, माणसांकडे तोंड करून लावा. मोकळ्या भिंतीकडे तोंड करून लावलेला कर्णा भिंतीला कीर्तन सांगतो.

हे कानाचे झाले. आता देहाचे पाहू.

आपला संप्रदाय बसून ऐकणाऱ्यांचा तसा चालणाऱ्यांचाही. कीर्तनात नाचायचे, हे नामदेवरायांनी आपल्याला शिकवले. जुने देऊळ देहाला न बोलता भक्ती शिकवते. गाभाऱ्याचे दार बुटके असते. मान आपोआप लवते. उंबरठा उंच असतो. पाऊल जपून पडते. पंढरीस महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्यावर पाय पडू नये म्हणून आपण अंग चोरतो आणि माथा टेकतो. आत सोळखांबीत गरुडखांबाला मिठी मारतो. खांब छताला आधार देतो तसा भक्ताच्या कवेलाही. मिठी मारायला खांबच नसेल असा सपाट मंडप कौतुकाचा वाटतो खरा. पण देह तिथे पोरका होतो. आणि खांब आवाजाच्याही उपयोगी पडतात. आपल्या तालुक्यात पेडगावच्या भुईकोटात लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे. तिथला कोरीव दगड पाहा. सपाट भिंत आवाज जसाच्या तसा परत फेकते. कोरीव दगड तो बारीक करून चहूकडे पसरतो. पंढरपुरास २०२४ साली मंदिराच्या जतनाचे काम झाले, तेव्हा मागाहून बसवलेली गुळगुळीत फरशी काढून मूळ दगड मोकळा केला. जुन्या दगडावर अनवाणी पाऊल धरते. आपण गावोगाव नेमके उलटे करतो आहोत.

पावलीला काय लागते? टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये आठ-दहा फूट मोकळी जागा, प्रत्येकाला हात फिरवायला तीनेक फूट, आणि पायाखाली धरून ठेवणारी जमीन. घाम, बुक्का, पाणी सांडले तरी घसरू नये इतकी खरबरीत. कीर्तनकारासाठी तीन फूट उंच ओटा बांधला की टाळकरी खाली पडतात, वक्ता वर जातो. उंचीच्या त्या एका फरकाने कीर्तनाचे व्याख्यान होते.

इथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. भाव असला तर मंडप कशाला? वारीत माळावर रिंगण होते. तिथे कुठे भिंत आणि कुठे छत? खरे आहे. आणि म्हणूनच तर रिंगण पाहावे! बेलवाडीचे गोल रिंगण ज्यांनी पाहिले त्यांनी आठवावे. पताकावाले, तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या, विणेकरी, टाळकरी, सगळे गोल उभे राहतात. माणसांचीच भिंत होते, आकाशाचे छत होते, मधून अश्व धावतो. आवाज परत फिरवणारे तिथे काही नाही. शब्द जातो तो जातोच, आणि पाय मातीवर पडतो. उघड्या माळाला जे सहज साधते, ते भिंती बांधताच हरवते. माळाला कोणी दोष देणार नाही. भिंत बांधणाऱ्याने मात्र विचार करायला हवा. उन्हापावसासाठी छत हवेच; पण छत देताना माळाचा गुण जेवढा राखता येईल तेवढा राखावा.

आता त्या गावात पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. आम्ही मंडळापुढे स्पष्ट बोललो. आधी आपली चूक सांगितली, की नारळ आम्ही फोडला, प्रश्न आम्ही विचारला नाही. मग म्हणालो, निदान मागच्या भिंतीवर काही जाड टांगा. सगळे गप्प. कारण मागच्या भिंतीवर पाट्या होत्या, आणि सर्वांत मोठ्या पाटीचे धनी समोरच बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आलो तो तरुण टाळकऱ्यांनी घरोघरच्या वीसेक घोंगड्या जमवून मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर दोऱ्या बांधून टांगलेल्या. पाट्या झाकल्या गेल्या होत्या. ते देणगीदार आले, त्यांनी भिंतीकडे पाहिले, काही बोलले नाहीत. रोज पुढे बसणारे, त्या दिवशी जाऊन शेवटच्या ओळीत बसले.

प्रवचन संपल्यावर आम्ही आजींकडे गेलो. म्हणाल्या, "आज बरंच कळलं. तुम्ही सावकाश बोलता तवा कळतं. घाईघाईनं बोलता तवा पुन्हा समदं गोळा होतं." घोंगड्यांनी चार सेकंदांचे तीन केले असतील, याहून जास्त नाही. उरलेले काम आमच्या जिभेचे होते. त्या दिवसापासून आम्ही दर वाक्यानंतर थांबतो. थांबलेल्या जागी श्रोत्याचे मन शब्दाला गाठते, हे आम्हाला त्या आजींनी शिकवले. मंडळाने पुढे पूर्वेच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग उघडून जाळी बसवायचे आणि कीर्तनाच्या जागेवरची टाइल काढून खरबरीत शहाबादी फरशी टाकायचे ठरवले आहे. जाळी झाली की आमच्या हिशेबाने घोंगड्यांशिवायही दोन सेकंदांवर येईल. माळवदाचे सुख नाही, पण आजींचे काम भागेल.

म्हणून ज्या गावी नवा मंडप व्हायचा असेल तिथल्या मंडळींना हात जोडून विनंती. टाइल बसवण्याआधी, स्लॅब पडल्यावर, एक दिवस रिकाम्या मंडपात जा. मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ मरत नाही ते मोजा. एकाला पुढे पोथी वाचायला बसवा आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई शेवटच्या ओळीत बसवा. चार टाळकऱ्यांना अनवाणी पावली घालायला सांगा, फरशीवर पाणी शिंपडून. आजी म्हणाल्या, शब्द आला. आणि टाळकरी म्हणाले, पाय धरला. की मग रंग कोणता द्यायचा तो द्या. आधीच बांधून झाला असेल तर दोन बाजू मोकळ्या करता येतील का पाहा; ते न जमले तर घोंगडी, सतरंजी, जाड पडदा टांगा. कळस दुरून दिसला नाही तरी पांडुरंग रागावणार नाही. पण त्याच्या नावाचा शब्द दारापर्यंत येऊन एका म्हातारीच्या कानाबाहेर राहिला, याचा जाब तो आम्हा सांगणाऱ्यांना आणि तुम्हा बांधणाऱ्यांना विचारल्यावाचून राहणार नाही.

शेख महंमद महाराजांनी इथे बसून देहूचा मंडप राखला. आपण निदान आपल्या गावचा मंडप तरी राखू या. आज त्याला आग लागत नाही. आत शब्द मात्र विरून जातो, आणि त्याचा धूर दिसत नाही.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल!